पाडसाच्या पाठीवरचे ठिपके

क्योतो शहराच्या दक्षिण भागात तोजी नावाचे पुरातन बौद्ध मंदिर आहे. कोबो दाइशी या नावाने जपानभर पूजले जाणारे आचार्य कूकाइ यांनी इ.स. ८३५ मध्ये, तिसऱ्या महिन्याच्या २१व्या दिवशी देह ठेवला. त्यांच्या स्मरणार्थ दर महिन्याच्या २१ तारखेला या मंदिराच्या आवारात बाजार भरतो. रोपे, लोणची, चिनी मातीची भांडी आणि जुनी हत्यारे यांच्या रांगांमध्ये जुन्या किमोनोंचे ढीग मांडलेले असतात. अशा ढिगात हात घालून आपण कापडे चाळू लागलो, की गुळगुळीत रेशमाच्या थरांत एखाद्या जागी बोटे थबकतात. तिथे काहीतरी दाणेदार, फुगीर, दाबले की पुन्हा वर येणारे लागते. ओढून बाहेर काढावे तर निघते एक हाओरी, म्हणजे किमोनोवर घालायचा, समोरून उघडा राहणारा आखूड झगा. तिच्या अंगभर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे चौकोन तिरप्या रांगांनी उमटलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध रंगाचा एक कण असतो. कापड दोन्ही हातांनी ताणले तर ते लांबते आणि सोडताच आक्रसून पूर्ववत होते. हे रेशीम एके काळी हजारो गाठींनी बांधलेले होते. त्या गाठी सुटून कित्येक दशके लोटली, तरी कापडाने बांधणाऱ्या हाताची पकड सोडलेली नाही. ती पकड कुणाची होती आणि त्या हातापर्यंत ही विद्या कशी पोहोचली, हे पाहायचे तर आपल्याला सुमारे अठराशे वर्षे मागे जावे लागते.

जपानी भाषेत या विद्येला शिबोरी म्हणतात. ‘शिबोरु’ म्हणजे पिळणे, आवळणे. त्या क्रियापदापासून हा शब्द झाला. आपल्याकडच्या बांधणीचीच ही बहीण. कापडाचा एखादा भाग चिमटीत धरून दोऱ्याने आवळावा, किंवा धावदोरा घालून चुण्या पाडाव्यात, किंवा घडी करून दाबून धरावा; मग रंगात बुडवावे. जिथे रंग शिरला नाही तिथे नक्षी उरते. कल्पना इतकी साधी, की तिचा एकच उगम शोधण्यात अर्थ नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील काही वस्त्रांवर जे ठिपके दिसतात, त्यांत अभ्यासकांनी बांधणीची खूण पाहिली आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त सम्राट हर्षाची बहीण राज्यश्री हिच्या विवाहाची तयारी वर्णिली, तेव्हा नाना प्रकारची नक्षी घालण्यात निष्णात असलेल्या नगरातील वयस्क स्त्रिया वस्त्रे बांधत बसल्या आहेत, काही वस्त्रे बांधून झाली आहेत, काही रंगात पडत आहेत, असे चित्र त्याने रेखाटले. मध्य आशियातील तुर्फानजवळ अस्ताना येथे जी थडगी उघडली गेली, त्यांतूनही गाठी बांधून रंगवलेले रेशमाचे तुकडे निघाले. त्या वाळवंटाच्या कोरड्या हवेने त्यांचे रंगसुद्धा राखले होते. रेशीममार्गावरून रेशीम जसे फिरले, तशी ते रंगवण्याची ही युक्तीही हातोहात फिरत राहिली.

जपानपुरती या कथेची पहिली नोंद जपानबाहेरच्या ग्रंथात सापडते. तिसऱ्या शतकातील चीनमधल्या वेई राज्याच्या इतिहासात ‘वा’ लोकांच्या, म्हणजे तेव्हाच्या जपानी लोकांच्या, हिमिको नावाच्या राणीचा उल्लेख आहे. इ.स. २३९च्या सुमारास तिने वेईच्या दरबारी जो नजराणा धाडला, त्यात गुलामांसोबत ठिपक्याठिपक्यांच्या कापडाचे दोन तागे होते. हे ठिपके गाठींचे असावेत असे अनेक अभ्यासक मानतात, तर काही जण विणकामातले मानतात. राणीचे नाव इतिहासाने जपले. ते दोन तागे कुणी तयार केले, याविषयी त्या ग्रंथात एक अक्षरही नाही. पुढच्या सगळ्या वाटचालीत ही गोष्ट आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

नोंदीपाशी थांबलेले आपण प्रत्यक्ष कापडापाशी पोहोचतो ते आठव्या शतकात, नारा येथे. तेव्हा नारा ही जपानची राजधानी होती. तिथल्या तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा इ.स. ७५२ मध्ये झाला आणि तो विधी केला बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. चार वर्षांनी, ७५६ मध्ये, सम्राट शोमू निवर्तला. सम्राज्ञी कोम्यो हिने त्याच्या आवडत्या वस्तू महाबुद्धाला अर्पण केल्या आणि त्या शोसोइन नावाच्या लाकडी भांडारात ठेवण्यात आल्या. सम्राटाच्या आज्ञेवाचून न उघडणाऱ्या त्या भांडारात वाद्ये, आरसे, औषधे यांच्यासोबत रंगीत वस्त्रेही बाराशे वर्षांहून अधिक काळ टिकली. त्यांत रंग रोखण्याच्या तीन पद्धती दिसतात. मेणाने रोखायची ती रोकेची, कोरलेल्या दोन फळ्यांमध्ये कापड आवळून रोखायची ती क्योकेची आणि बांधून रोखायची ती कोकेची. या तिघींत बांधणी सर्वांत साधी होती. फळ्यांच्या पद्धतीने झाडाखाली समोरासमोर उभे असलेले पक्षी रंगवता येत. बांधणीला वर्तुळे, ठिपके आणि पट्टे यांवर भागवावे लागे. तरीही काळाच्या ओघात मेण आणि फळ्या या दोन्ही पद्धती जपानमध्ये मागे पडल्या आणि टिकली ती बांधणी. तिला यंत्र लागत नव्हते, परदेशी माल लागत नव्हता. दोरा आणि बोटे पुरेशी होती.

राजधानी नाराहून हलली आणि ७९४ मध्ये हेइआन म्हणजे आजचे क्योतो वसले. त्यानंतरची तीन-चार शतके दरबारी लोकांचे मन वेगळ्या गोष्टीत रमले. एकावर एक घातलेल्या अनेक वस्त्रांच्या कडांमधून दिसणाऱ्या रंगांच्या मेळात त्यांना सौंदर्य सापडले आणि विणकामातल्या नक्षीला मान आला. बांधणी दरबाराच्या पायऱ्या उतरून सामान्यांच्या आणि पुढे योद्ध्यांच्या अंगावर गेली. तिचे जुने जपानी नाव ‘युहाता’ होते, म्हणजे बांधलेले कापड. योद्ध्यांच्या वस्त्रांवरील चौकोनी ठिपक्यांना ‘मेयुइ’ म्हणत आणि काही घराण्यांनी ती नक्षी आपले कुलचिन्ह म्हणूनही घेतली. याच काळात एक शब्द भाषेत रुजत होता. ‘इसे मोनोगातारी’ या प्राचीन ग्रंथात उन्हाळ्यातही फुजी पर्वतावर दिसणाऱ्या बर्फाला हरणाच्या पाडसाच्या अंगावरील ठिपक्यांची उपमा दिलेली आहे. पाडस म्हणजे ‘कानोको’. नाराच्या देवराईत आजही मोकळी हिंडणारी हरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. पुढे शेकडो वर्षांनी हाच शब्द रेशमावरच्या बांधणीचे नाव होणार होता.

तळाशी राहिलेली ही विद्या वर आली ती सोळाव्या शतकात, यादवी युद्धांच्या काळात. तोवर अंतर्वस्त्र असलेला ‘कोसोदे’ हा बाह्यांची तोंडे लहान असलेला पोशाख वरचे वस्त्र झाला होता आणि त्याच्या पाठीचे सलग पटल नक्षीसाठी मोकळे झाले होते. त्या पटलावर ‘त्सुजिगाहाना’ नावाची शैली फुलली. या शब्दाचा शब्दशः अर्थ चौकातली फुले, मात्र तो या कापडाला का लागला याविषयी आजही मतभेद आहेत. या शैलीत कारागीर फुलाच्या किंवा पानाच्या कडेने बारीक धावदोरा घालत, दोरा ओढून चुण्या आवळत आणि मोठा भाग रंगापासून वाचवायचा असेल तर त्यावर वेळूच्या सालीचे टोपरे चढवून बांधत. रंगकाम झाल्यावर पांढऱ्या उरलेल्या पाकळीवर काळ्या शाईने नाजूक रेषा काढत, क्वचित सोन्याचा वर्ख लावत. त्या काळचे ‘नेरिनुकी’ नावाचे रेशीम या कामाला फार अनुकूल होते. त्याच्या ताण्यातील धागे डिंकासह कच्चे ठेवलेले आणि बाण्यातील धागे डिंक काढून मऊ केलेले असत. त्यामुळे कापड पातळ पण ताठ राही आणि टाका नेमका बसे. तोयोतोमी हिदेयोशी आणि तोकुगावा इएयासु या सत्ताधीशांची त्सुजिगाहाना वस्त्रे आजही जपलेली आहेत. १६०३च्या सुमारास इएयासुने इवामीच्या चांदीच्या खाणीवरील यासुहारा देन्बेइ नावाच्या माणसावर खूश होऊन लवंगांच्या नक्षीचा असा एक अंगरखा त्याला बक्षीस दिला आणि तो तिथल्या मंदिरात राहिल्यामुळे वाचला. देणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत आहे, घेणाऱ्याचेही. लवंगांच्या कडेने टाके घालणारा हात मात्र हिमिकोच्या ताग्यांइतकाच अनाम राहिला.

त्सुजिगाहानाचे आयुष्य थोडे ठरले. सतराव्या शतकात शांतता आली, पैसा आला आणि त्यांच्यासोबत कापडही बदलले. नेरिनुकीची जागा ‘रिंझू’ या मऊ, विणीतच नक्षी असलेल्या झळाळत्या रेशमाने घेतली. त्या ओघळत्या कापडावर टाक्यांची कारागिरी पूर्वीसारखी शोभेना. उलट बारीक गाठींचे ठिपके त्यावर विलक्षण खुलू लागले. अशा रीतीने ‘कानोको’ आले. १६५७ मध्ये एदो, म्हणजे आजचे तोक्यो, भीषण आगीत भस्मसात झाले आणि असंख्य वस्त्रे नव्याने करावी लागली. त्यानंतरच्या कान्बुन पर्वात (१६६१ ते १६७३) खांद्यापासून खाली वळत जाणारी, अर्धी पाठ मोकळी सोडणारी ठसठशीत नक्षी रूढ झाली आणि तिचा कणा कानोकोचा होता. याच पर्वात, १६६६-६७ मध्ये, कोसोदेच्या नमुन्यांचे छापील पुस्तक निघाले आणि गावोगावच्या ग्राहकांना पाने उलटून नक्षी निवडता येऊ लागली. दरबारात या हौसेचे शिखर म्हणजे तोफुकुमोनइन. शोगुनची, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाची, ही मुलगी सम्राट गो-मिझुनोओची राणी झाली आणि १६७८ मध्ये वारली. क्योतोतील कारिगानेया या पेढीकडे ती सतत वस्त्रे मागवत असे आणि त्या पेढीच्या मागणीवह्या आजही उपलब्ध आहेत. ही पेढी ज्या कुटुंबाची, त्यातच पुढे ओगाता कोरिन हा थोर चित्रकार जन्मला.

इथे थोडे थांबून आपण हे काम प्रत्यक्ष होते कसे, ते पाहू. कारण पुढचा सारा इतिहास या कामाच्या कष्टांतून घडलेला आहे. किमोनोचा तागा साधारण १२ मीटर लांब आणि ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर आधी ‘आओबाना’च्या निळ्या रसाने नक्षी उतरवतात. एका रानफुलाच्या पाकळ्यांचा हा रस पाण्याने निघून जातो, मागे डाग राहत नाही. मग कारागीर स्त्री कापड तिरके धरते, एक ठिपका बोटांच्या टोकांनी उचलते, त्याची चौघडी करते, तिच्याभोवती रेशमी दोऱ्याचे चार ते सात वेढे घट्ट आवळते आणि दोरा न तोडता पुढच्या ठिपक्याकडे वळते. ‘हित्ता’ नावाच्या उत्तम कानोकोला हाताच्या बोटांखेरीज दुसरे साधन लागत नाही. पूर्ण अंगभर ठिपके असलेल्या वस्त्राला ‘सो-कानोको’ म्हणतात. अशा एका वस्त्रावर लाखाहून अधिक गाठी असतात आणि ते एका स्त्रीचे वर्षभराचे, कधी त्याहूनही अधिक काळाचे काम असते. ज्या भागाला वेगळा रंग द्यायचा त्यासाठी ‘ओके’ म्हणजे लाकडी पिंप वापरतात. रंगवायचा भाग पिंपाच्या कडेबाहेर खिळ्यांनी अडकवायचा, वाचवायचा भाग आत कोंबायचा, झाकण दोरखंडाने आवळायचे आणि अख्खे पिंप रंगाच्या कढईत फिरवायचे. रंग वाळला की गाठी सोडायच्या. दोन्ही बाजूंनी हलका हिसका दिला की दोरे तटातट निसटतात आणि वर्षभराची बांधणी थोडक्या वेळात दिसेनाशी होते. शेवटी वाफ देऊन रुंदी सारखी करतात, पण उंचवटे मरणार नाहीत इतपतच.

लाल कानोकोसाठी लागणारा रंग करडईच्या फुलांतून मिळे. आपल्या सोलापुरात आणि मराठवाड्यात जी करडई तेलासाठी पेरली जाते, तिच्याच पाकळ्यांतला हा लाल रंग. मणभर फुलांतून तो चिमूटभर निघतो आणि गडद छटेसाठी कापड पुन्हा पुन्हा बुडवावे लागते. एक वर्ष हातांचे आणि वर करडईचा हा खर्च, असे वस्त्र व्यापाऱ्यांच्या बायका-मुली मिरवू लागल्या, तेव्हा सामुराई सत्तेला ते सहन होणे शक्य नव्हते. तेन्ना पर्वाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे १६८३ मध्ये, शोगुनशाहीने स्त्रियांच्या वस्त्रांवरील तीन गोष्टींना मनाई केली. त्या गोष्टी म्हणजे सोन्याचे धागे, भरतकाम आणि सो-कानोको. साध्या दोऱ्याने बांधलेली गाठ सोन्याच्या पंगतीला बसली, यातच तिच्या किमतीचे मोजमाप आहे. या मनाईने कानोको संपले नाही. त्याने वेष बदलला. ठिपक्यांचे आकार कागदी साच्यात कापून रंग भरण्याची ‘सुरिहित्ता’ पद्धत पुढे आली आणि गाठ न बांधता गाठीचा भास निर्माण होऊ लागला. याच सुमारास क्योतोत मियाझाकी युझेन या पंखे रंगवणाऱ्या चित्रकाराच्या नावाने भाताच्या खळीने रंग रोखण्याची कला लोकप्रिय झाली. हवे ते चित्र मोकळ्या हाताने काढण्याची सोय झाल्यावर बांधणीने चित्र काढण्याचा हव्यास सोडला आणि ती ठिपक्यांच्या पोताकडे वळली.

त्याच १६८३ साली एदोत एका भाजीविक्रेत्याच्या ओशिची नावाच्या मुलीला आग लावल्याच्या गुन्ह्याबद्दल देहदंड झाला. प्रियकर पुन्हा भेटावा म्हणून तिने आग लावली, असे लोककथा सांगते. तिच्यावर १७७३ मध्ये जे बाहुलीनाट्य आले, त्याच्या नावातच ‘हिगानोको’, म्हणजे लाल कानोको, हा शब्द आहे. पुढे १८०९ मध्ये पाचवा इवाई हान्शिरो हा काबुकी नट तिच्या भूमिकेत तागाच्या पानांच्या आकारात गुंफलेले कानोको नेसून रंगभूमीवर आला आणि ती नक्षी एदोच्या मुलींनी उचलली. मनाई झालेले ठिपके आणि जाळून मारलेली मुलगी एकाच वर्षाची. सव्वाशे वर्षांनी रंगमंचावर दोघांची गाठ पडली. तोवर सामान्य घरांत कानोको लहान रूपांत शिरले होते. अंबाड्याला गुंडाळायची पट्टी, गळपट्टी, अंतर्वस्त्राची बाही. पूर्ण वस्त्र परवडत नसेल, तर वीतभर कानोको तरी असावे, ही इच्छा कुठल्याच फर्मानाला मोडता आली नाही.

रेशमाच्या या प्रवाहाला समांतर एक सुती प्रवाह वाहत होता आणि पुढे दोन्ही एकत्र येणार असल्यामुळे त्याकडेही पाहायला हवे. १६०८ मध्ये ओवारी संस्थानाने तोकाइदो महामार्गावरील एका ओसाड टप्प्यावर नवी वस्ती वसवली, ती आरिमात्सु. पहिली आठ कुटुंबे तिथे आली, पण शेतीला जमीन पुरेशी नव्हती. १६१० मध्ये जवळच नागोयाच्या किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. क्यूशू बेटावरील बुंगोहून आलेल्या मजुरांकडची बांधणीची कापडे वस्तीतल्या ताकेदा शोकुरो नावाच्या माणसाने पाहिली आणि वाटसरूंना विकायला निळीत रंगवलेले सुती पंचे करायला घेतले, अशी तिथली परंपरा आहे. काही वर्षांनी बुंगोहूनच आलेल्या मिउरा नावाच्या वैद्याच्या पत्नीने गाठ न मारता नुसता वेढा देऊन आवळण्याची झटपट रीत तिथल्या बायकांना शिकवली. ती रीत आजही ‘मिउरा शिबोरी’ म्हणून ओळखली जाते. विद्या त्या बाईची, नाव नवऱ्याच्या घराण्याचे. १७८४ मध्ये आगीत गाव जळाले आणि जाड गिलाव्याच्या भिंतींनिशी पुन्हा उभे राहिले. चित्रकार हिरोशिगेने १८३३च्या सुमारास तोकाइदोवरील ५३ मुक्कामांची चित्रमालिका काढली, तेव्हा नारुमि या मुक्कामासाठी त्याने निवडला तो आरिमात्सु शिबोरीच्या दुकानांचा देखावा.

१८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली. आरिमात्सुसारख्या गावांना संस्थानांनी दिलेले मक्ते गेले, तसे कपड्यांवरचे निर्बंधही गेले. आता पुन्हा कुणीही काहीही नेसू शकत होते. १८५६ मध्ये इंग्लंडात लागलेल्या जांभळ्या रंगाच्या शोधापासून सुरू झालेली कृत्रिम रंगांची रांग जपानी बंदरांत उतरली आणि करडई, नीळ, जांभळा रंग देणारी मुरासाकीची मुळी यांचे युग झपाट्याने मावळले. जो लाल रंग पूर्वी एका कुटुंबाच्या ऐपतीची कसोटी होता, तो पुडीत मिळू लागला. मक्त्याचे छत्र हरपलेल्या आरिमात्सुला नव्या युक्त्या शोधणे भागच होते. तिथल्या सुझुकी कानेझोने १८८०च्या सुमारास सुमारे चार मीटर लांबीच्या गुळगुळीत खांबावर कापड तिरके गुंडाळून, त्यावर दोरा फिरवून, सगळे एका टोकाला रेटून चुण्या पाडण्याची पद्धत काढली. खांब रंगात बुडवून कापड उलगडले की वाऱ्याने झोडपलेल्या पावसासारख्या तिरप्या रेषा उमटत. म्हणून तिचे नाव ‘आराशी’, म्हणजे वादळ. गाठ बांधणाऱ्या स्त्रीच्या वर्षाशी स्पर्धा करणारे हे पहिले मोठे साधन. ते सुती कापडावर जन्मले आणि लवकरच रेशमावरही पोहोचले.

आज जुन्या बाजारात आपल्या हाताला लागणारी बहुतेक रेशमी शिबोरी यानंतरच्या काळातली असते. १९०९च्या सुमारास जपानने कच्च्या रेशमाच्या निर्यातीत चीनला मागे टाकले. देशातही रेशीम मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. पूर्वी पुरुषी समजली जाणारी हाओरी १८६८ नंतरच्या मेइजी काळात स्त्रियांनी सर्रास आपलीशी केली होती आणि तिचे सलग, पट्टा न बांधलेले पटल शिबोरीला फार मानवले. तैशो पर्वात (१९१२ ते १९२६) आणि शोवा पर्वाच्या पहिल्या दशकात जांभळ्या, गर्द हिरव्या, शेंदरी हाओरी आल्या. त्यांवर बांधणीने काढलेली चंद्रमल्लिका, वळणदार रेषा, बाणांची पिसे, काही युरोपीय वळणाची फुलेसुद्धा. आत गुलाबी ठिपक्यांचे ‘नागाजुबान’ हे अंतर्वस्त्र, कमरेच्या पट्ट्यावरून डोकावणारी ‘ओबिआगे’ची गाठवलेली कडा, पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या कमरेला मऊ शिबोरीचा ‘हेको-ओबि’. तळागाळापासून दरबारापर्यंत आणि परत असा प्रवास केलेली बांधणी या अडीच दशकांत घराघरातल्या कपाटात पोहोचली. याच काळात क्योतोतील जुन्या वस्तूंचा व्यापारी नोमुरा शोजिरो (१८८० ते १९४३) मागे वळून पाहत होता. मृतांच्या वस्त्रांपासून देवळांत वेदीची आच्छादने शिवण्याची प्रथा होती. अशा तुकड्यांत विखुरलेले कोसोदे त्याने जमवले आणि घडीच्या पडद्यांवर वस्त्राच्या आकारात चिकटवून त्यांना पुन्हा रूप दिले. हे पडदे आज साकुरा येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहेत.

मग १६८३ची पुनरावृत्ती झाली. ७ जुलै १९४० रोजी जपानी सरकारने चैनीच्या वस्तूंच्या निर्मितीवर आणि विक्रीवर निर्बंध घातले. चैन हाच शत्रू अशी घोषणा रस्तोरस्ती झळकली आणि किमती रेशमी वस्त्रांचा व्यवसाय थंडावला. दुसरे महायुद्ध संपल्यावर शहरांतल्या बायका ट्रंकेतला एकेक किमोनो काढून खेड्यात नेत आणि त्याबदली तांदूळ, रताळी आणत. वेळूच्या कोंबाची एकेक साल सोलत जावी तसे अंगावरचे एकेक वस्त्र विकून जगायचे, म्हणून लोक त्या दिवसांना ‘ताकेनोको’ जीवन म्हणत. ताकेनोको म्हणजे वेळूचा कोंब. किती तरी तैशो हाओरी अशा एका पायली धान्यासाठी हात बदलून गेल्या. काही शेतकऱ्यांच्या कपाटात पडून राहिल्या आणि त्यामुळेच बॉम्बवर्षावात जळालेल्या शहरांच्या आठवणी घेऊन आपल्यापर्यंत आल्या.

युद्धानंतर समृद्धी परतली, तशी शिबोरीही परतली; पण बांधणारे हात महाग झाले होते. १९६०च्या दशकापासून क्योतोच्या पेढ्या बांधणीचे काम कोरियात आणि नंतर चीनमध्ये पाठवू लागल्या. याच काळात एक माणूस मात्र चारशे वर्षे मागे जाऊ पाहत होता. कुबोता इत्चिकु (१९१७ ते २००३) याने वयाच्या विसाव्या वर्षी तोक्योच्या संग्रहालयात त्सुजिगाहानाचा एक तुकडा पाहिला होता. युद्ध, सायबेरियातील बंदिवास आणि १९४८ मधील सुटका यांतून पार पडूनही तो तुकडा त्याच्या डोळ्यांपुढून हलला नाही. नेरिनुकी विणले जात नव्हते, म्हणून त्याने निराळे रेशीम आणि कृत्रिम रंग घेऊन स्वतःची वाट घडवली. पहिले प्रदर्शन भरवले ते १९७७ मध्ये, साठाव्या वर्षी. फुजी पर्वताजवळ कावागुची सरोवराकाठी १९९४ मध्ये उघडलेल्या त्याच्या संग्रहालयात किमोनो शेजारी शेजारी टांगले आहेत आणि एका वस्त्रावरचा डोंगर पुढच्या वस्त्रावर सलग चालू राहतो. सरकारनेही उशिरा का होईना दखल घेतली. १९७४च्या कायद्यानुसार आरिमात्सु-नारुमि शिबोरीला १९७५ मध्ये आणि क्योतोच्या कानोकोला १९७६ मध्ये पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळाला. १९९२ मध्ये नागोयात पहिली आंतरराष्ट्रीय शिबोरी परिषद भरली आणि दुसरी भरली ती अहमदाबादेत, म्हणजे बांधणीच्या माहेरी.

आता आपण तोजीच्या आवारातील त्या हाओरीकडे परत येऊ. जाणकार ती उलटी करून पाहतो. साच्याने छापलेले ठिपके सपाट आणि एकसारखे असतात. बांधलेले ठिपके बोटांना लागतात आणि नीट पाहिले तर त्यांत थोडे लहानमोठे आढळतात. रंगारी सांगतात की दोन बायकांची पकड कधीच सारखी नसते, म्हणून एका ताग्यावरची एका प्रकारची बांधणी शेवटपर्यंत एकाच हाताने व्हावी लागते. मध्येच हात बदलला तर कापड ते लपवत नाही. जुन्या हाओरीची पाठ उजेडात धरली की आपल्यालाही ते दिसते. एका रांगेत ठिपके आवळलेले, नेटके. पुढे काही बोटे अंतरावर किंचित सैल, बहुधा दिवस मावळतानाचे. मग पुन्हा घट्ट. हिमिकोपासून तोफुकुमोनइनपर्यंत वस्त्रे बाळगणाऱ्यांची नावे लिहिली गेली. बांधणाऱ्यांनी आपल्यामागे एवढेच ठेवले. म्हणून जाणती माणसे अशी हाओरी घरी नेल्यावर पाण्यात बुडवत नाहीत, तिच्यावर इस्त्री फिरवत नाहीत. पाणी आणि वाफ लागली की उंचवटे बसतात, ठिपके उरतात पण ती पकड पुसली जाते. कागदात गुंडाळून, वर भार न ठेवता, किरी नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पेटीत ती ठेवतात. पेटी उघडून तळवा हलकेच फिरवला, की ते दाणे बोटांखाली दबतात आणि पुन्हा वर येतात.